झोपेचा साक्षीदार

"पोरी, त्याले उठवायचं असन तं पायाचा अंगठा धरून उठवजो. खांद्याले हात नको लावू."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नत्थुजींनी मला हे सांगितलं, तेव्हा मी पदराआड हसले. नत्थुजी आमच्या सासरच्या गावचे, भातकुली तालुक्यातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नव्या नवरीची फिरकी घेतायत असं मला वाटलं. मी अमरावतीच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. अंगठा धरून नवरा उठवायचा, ही मला गावातल्या शंभर रीतींपैकी एक रीत वाटली. मांजर आडवं गेलं की दोन पावलं मागे यायचं, तशी.

घरी मी नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. पण इथं 'हे' उठले, 'हे' बसले असं लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून विपुल असं लिहिते.

विपुल तेव्हा हिमनदीवरच्या ठाण्यातून उतरून सुटीवर आलेले होते. कमी बोलायचे, रात्र रात्र जागे असायचे. फौजी माणूस असाच असतो, असं माझ्या माहेरच्यांनी ठरवून टाकलं होतं. एका दुपारी मी चहा घेऊन गेले. ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. नत्थुजींचं बोलणं माझ्या डोक्यात कुठंच नव्हतं. खांद्याला हात लावला मात्र, त्यांनी वळून माझं मनगट धरलं. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत मी नव्हते. माझ्या आरपार काहीतरी पांढरं दिसत असावं. "दोर धर," ते म्हणाले, "सोडू नको."

चहा सांडला. ते भानावर आले. मग किती तरी वेळ माझ्या मनगटाला खोबरेल तेल चोळत बसले. बाहेर कोणीतरी मिरच्या वाळत घालत होतं, आणि मला वाटत होतं की मी अजून झोपलेलीच आहे, हे सगळं दुसऱ्याच कोणाच्या स्वप्नात चाललंय आणि मी चुकून त्यात शिरलेय.

मी बाळंतपणाला माहेरी अमरावतीला गेले, त्याच दिवसांत पलटणीनं विपुलना मनाच्या आजारासाठी दवाखान्यात पाठवलं आणि दवाखान्यानं घरी. पोरगी झाली. आम्ही तिला बाळी म्हणतो. विपुल तिला बघायला आले तेव्हा साध्या कपड्यांत होते, आणि ते कपडे त्यांच्या अंगावर परक्यासारखे लोंबत होते. नोकरी संपली होती. आजारपणाची पेन्शन मात्र मिळायची नव्हती. कारण दिलं होतं : आजार जन्मजात प्रवृत्तीचा, सेवेमुळे झालेला नाही.

जन्मजात. मी तो शब्द वाचला आणि मांडीवरच्या बाळीकडे पाहिलं. त्याच क्षणी ती झोपेत दचकली. दोन्ही हात वर उडाले, बोटं पसरली, जणू वरून पडतेय आणि काहीतरी धरू बघतेय.

तेव्हापासून मी तिची झोप राखू लागले. नर्सबाई म्हणाल्या, सगळीच बाळं दचकतात. ते मी पुस्तकातही वाचलं होतं. पण सगळ्या बाळांच्या बापाबद्दल सरकारनं 'जन्मजात' असं लिहून दिलेलं नसतं. बापाचं नाक बाळीला आलं होतं, कानाची पाळी आली होती. मग आणखी काय काय आलं असेल? पैसे नकोत असं नाही, हवेच होते. पण मला त्याहून जास्त हवं होतं ते हे, की कोणीतरी मोठ्या अधिकाराच्या माणसानं म्हणावं : हे याच्या रक्तातलं नाही.

आम्ही अकोल्याला आलो. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एक खोली घेतली. खाली अत्तराचं दुकान, त्यामुळे आमचे कपडे, भाकरी, बाळीचं दुपटं, सगळ्याला गुलाबाचा वास. विपुलना एका जिनिंगमध्ये रखवालदाराचं काम मिळालं. दिवसपाळी. वर्दी पुन्हा अंगावर आली म्हणून सासूबाई, मैनाबाई, गावाहून साखर घेऊन आल्या. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की जिनिंग म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे पांढरा डोंगर.

हंगाम लागला. ट्रकामागून ट्रक रिकामे व्हायला लागले. एका दुपारी जिनिंगमधली एक कामकरी बाई धापा टाकत आमच्या जिन्यापाशी आली. म्हणाली, "वहिनी, भाऊ कापूस उकरून राहिले. कोणाचं ऐकत नाईत."

मी बाळीला कडेवर घेऊन गेले. आवारात गेल्यावर आधी काही ऐकूच येईना. सरकी वेगळी करणारे रेचे बंद केले होते, आणि त्या बंद आवाजाची एक वेगळीच शांतता होती. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, खाली पडायचं नावच घेत नव्हते. गंजीच्या पोटात कमरेपर्यंत शिरून विपुल दोन्ही हातांनी कापूस मागे फेकत होते. जितका काढत, तितका वरून घसरून येई. त्यांच्या भुवयांवर, मिशांवर पांढरं साचलं होतं. एका क्षणात ते म्हातारे झालेत आणि मी इतकी वर्षं कुठं होते, असं मला वाटून गेलं.

मला पाहून त्यांनी गाठोडं बांधायच्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरून ठेव. हलली की सांग."

मी धरलं. दुसरं काय करणार होते? बाळी दोरीकडे बघून हसत होती. कामकरी बाया एका बाजूला ओळीनं बसल्या. दोरी हलत नव्हती. उन्हं उतरली, कापूस पांढऱ्याचा केशरी झाला, आणि रंग बदलला तसे विपुल थांबले. माझ्या हातातलं टोक बघून म्हणाले, "तू कधी आलीस?"

काम गेलं. मालक वाईट नव्हता, म्हणाला, सिमेंटच्या गोदामात लावून देतो. पण विपुल भिंतीकडे तोंड करून बसले ते बसले.

ही गोष्ट ऐकून नत्थुजी अकोल्याला आले. अपील करायचं, ते म्हणाले. आधी मात्र 'जन्मजात' कुठून आलं ते शोधायचं. त्यांनीच ओळखीपाळखीनं माहिती काढली : विपुल दवाखान्यात असताना फौजेनं घरची चौकशी मागवली होती. साध्या कपड्यातला एक माणूस मोटारसायकलवर गावात येऊन गेला होता. घरी तेव्हा मैनाबाई एकट्याच होत्या.

मैनाबाई आमच्या खोलीत लसूण सोलत बसल्या होत्या. नत्थुजींनी विचारलं, तशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तो फौजेचा होता हे मले काय मालूम? तवा रोजच कोणी ना कोणी पुसाले ये. घरात कोणाले टेन्शन हाय का, कोणी बोलत नाई का, कोणी एकटा बसते का. शाळेचे मास्तर येऊन गेले, नर्सा येऊन गेल्या, पेपरवाले येऊन गेले. मले वाटलं, त्यायच्यातलाच एक."

ते खरं होतं. त्या वर्षांत आमच्याकडे गावोगाव लोक यायचे, घराघरातलं दुःख विचारून लिहून न्यायचे. काही घरांत कर्जापायी एक माणूस कायमचा कमी झाला होता, म्हणून उरलेल्यांना विचारत फिरायचे. आणि गावानं त्यातून एक शहाणपण काढलं होतं, कमी सांगायचं नाही. कमी सांगितलं तर मदतीच्या यादीत आपलं नाव मागे राहतं.

"बाजूची दुर्गाबाई म्हणे, काकू, मोकळं सांगजा, हात आखडू नका. मी सांगितलं."

"काय सांगितलं?" नत्थुजींनी विचारलं.

"का पोरगा लहानपणापासूनच भेकड हाय. झोपेत वरडते. त्याचा मामा बी तसाच होता, दिवसभर विहिरीच्या काठाले बसून राहे."

मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंकडे नीट पाहिलं असेन. "आई, यांना मामा होते?"

"कुठचा मामा? मले भाऊच नाई," मैनाबाई म्हणाल्या. "भाऊ असता तं दिवाळीले नेता ना मले माहेरी."

कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या विपुलांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, आवाज न करता. त्यांना हसताना पाहून मैनाबाईच रडायला लागल्या. म्हणाल्या, मी येतो तुमच्यासंग, त्या डॉक्टरले सांगतो मी खोटी बोलली. नत्थुजी म्हणाले, मायचं कोण ऐकते, माय तर पोराच्याच बाजूनं बोलन. आधीचा विपुल ज्यानं पाहिलाय, त्याच्या संग जो निजलाय, उठलाय, असा माणूस पाहिजे.

तसा एकच होता. वाहेदभाई, परतवाड्याचे. त्या हिमनदीवर तिघं एका तंबूत होते : विपुल, वाहेदभाई आणि वाशिमकडचा देवमन. देवमन तिथंच राहिला. वाहेदभाई पुढे मुदत भरून घरी आले आणि परतवाड्याहून मेळघाटात जीप चालवायला लागले. एवढंच मला माहीत होतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. तिकडचं विपुल सांगायचे ते अर्ध्यात थांबायचे, जसं कोणी जिन्याच्या मध्यावर उभं राहावं आणि वर जायचं की खाली ते विसरून जावं.

मी बाळीला घेऊन अकोल्याहून एसटीनं परतवाड्याला गेले. थंडीचे दिवस. जीपा लागतात तिथं विचारलं, तर कोणीही बोट दाखवलं असतं, कारण त्यांच्या एकट्याच्याच जीपला काचा नव्हत्या. मागे बसलेली एक म्हातारी डोक्याला लुगडं गुंडाळून बडबडत होती, "वाहेद, काचा तरी बसव रे बाप्पा. कानात वारं भरते."

"मावशी, काचा बसवल्या तं तुले फुकटचा एसी कसा भेटन?" वाहेदभाई म्हणाले. सगळी जीप हसली. उंच माणूस, मेंदी लावलेली दाढी, बोलता बोलता चालू इंजिनाच्या बॉनेटवर हात ठेवायची सवय.

मी विपुलचं नाव सांगितलं तसं त्यांनी इंजिन बंद केलं. बाळीला उचलून घेतलं. कापसाचं सांगितलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. जन्मजात लिहिलंय म्हटल्यावर मात्र मान वर आली.

"हा? जन्मापासून? भाभी, कोणत्या गाढवानं लिहिलं?" मग सगळ्या प्रवाशांना दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिलं, आणि आम्हाला घरी नेऊन त्यांच्या अम्मीच्या हातची खीर खाऊ घातली.

अपिलाची तारीख उन्हाळ्यात लागली. दवाखाना लांबच्या शहरात होता. नत्थुजी, विपुल, मी, बाळी आणि वाहेदभाई, असे रेल्वेनं गेलो. जागा होती तरी वाहेदभाई सगळा प्रवास दारात उभे राहिले, तोंड बाहेर काढून. मी दोनदा बसा म्हटलं. म्हणाले, भाभी, बसून बसूनच पोट सुटलं, आज उभं राहू द्या. त्यांचं पोट सपाट होतं.

डॉक्टर म्हणजे वर्दीतल्या एक बाई होत्या, शेजारी दोन अधिकारी. अशा ठिकाणी बाहेरचा माणूस बोलावत नाहीत, पण नत्थुजींनी सावधान उभं राहून विनंती केली, आणि बाई म्हणाल्या, इतक्या लांबून आलाय तर बोलू दे. उकाडा होता म्हणून दार उघडंच होतं, मध्ये फक्त पडदा. मी बाहेरच्या बाकावर बाळीला थोपटत ऐकत होते. पडदा वाऱ्यानं आत ओढला जायचा, पुन्हा बाहेर यायचा, जणू ती खोलीच श्वास घेत होती.

आधी बाईंनी घरच्या चौकशीचं विचारलं. मामाचं आलं. विपुल म्हणाले, मला मामा नाही. कोणीतरी हसलं. मग त्यांनी वाहेदभाईंना विचारलं की हा माणूस तिकडे जाण्याआधी कसा होता. बाई हिंदीत बोलत होत्या. वाहेदभाईंनी हिंदीत सुरुवात केली आणि दोन वाक्यांत आपल्या बोलीवर घसरले.

"मॅडम, याची झोप मले विचारा. आमी एका ओळीत निजत होतो, मधात हा, इकडून मी, तिकडून देवमन. आमाले रात रात झोप नाई ये, अन् हा रॉकेलच्या डब्ब्याले टेकला का घोरला. अख्ख्या पोस्टवर याच्यासारखा झोपणारा नव्हता. साहेब लोक येऊन पाहून जात. देवमन म्हणे, विपल्या, तुझ्या घोरण्यानं एक दिवस हा कडा कोसळते पाय."

पडदा बाहेर आला तिथंच थांबला.

"अन् कोसळला," वाहेदभाई म्हणाले. "हा झोपून होता. आमी दोघं निघालो, देवमन नाई निघाला. निजतानाबी कमरेले दोर असे, त्याच्या दोराचं टोक वर होतं. हलत होतं. यानं हातानं उकरलं, मी टोक धरून होतो. मंग हलायचं थांबलं. त्या दिसापासून हा झोपला नाई मॅडम. त्याले वाटते, त्याच्याच घोरण्यानं झालं. जन्मापासून कसं म्हणता? हे मी पाह्यलं ना. मी तिथंच होतो."

बाळी माझ्या मांडीवर झोपली होती. तिचे हात आज वर उडाले नाहीत, की उडाले आणि मला दिसले नाहीत, ते सांगता येणार नाही. मी पडद्याकडे बघत होते. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, आणि माझा नवरा आजारानं जागत नव्हता, पहारा देत होता, हे मला एका परक्या गावाच्या बाकावर बसून कळत होतं. आपण झोपलो तर वरून काहीतरी कोसळेल, आमच्यावर.

आत खुर्च्या सरकल्या. संपलं असं वाटलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, आणि तुम्हाला? तुम्हाला झोप येते?

"मॅडम, मी डायवर आहे," वाहेदभाई म्हणाले. "मी झोपलो तं पॅसेंजर कुठी जातीन?"

सगळे हसले. अधिकारी हसले, नत्थुजी हसले, विपुलही हसले. मीही हसले. मग पडदा वाऱ्यानं बाजूला झाला आणि मला वाहेदभाई दिसले, पाठमोरे. हात मागे बांधलेले, आणि एका हाताची मूठ आवळलेली, अंगठा आत घेऊन, घट्ट. एखादं टोक धरून ठेवल्यासारखी. मी टोक धरून होतो, असं ते आत्ताच म्हणाले होते. ते कोणीच लिहून घेतलं नव्हतं, कारण अपील त्यांचं नव्हतंच.

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर आला : आजार सेवेमुळे झालेला. नत्थुजींनी तो दोनदा मोठ्यानं वाचला. मैनाबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि नसलेल्या भावाची माफी मागितली. पेन्शन सुरू झाली, औषधं सुरू झाली. एका दुपारी आम्ही दोघी सासू-सुना बाहेर जिन्यावर भाजी निवडत होतो आणि खोलीतून आवाज आला. आधी वाटलं खाली दुकानात कोणी लाकूड कापतंय. मैनाबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. विपुल घोरत होते. आम्ही भाजी तशीच ठेवली आणि कितीतरी वेळ ऐकत बसलो, कीर्तन ऐकावं तसं. मग बाळी दचकली, आणि मी नुसतीच तिच्या पोटावर हात ठेवला.

माझी गोष्ट इथं संपली असती तर मी ही लिहिली नसती.

विपुल पेढे घेऊन परतवाड्याला गेले. वाहेदभाईंनी मिठी मारली, चहा पाजला, हसवलं, आणि भरलेली जीप आहे म्हणून तासाभरात निघून गेले. दुसऱ्यांदा आम्ही दोघं गेलो तर नुकतेच घाटात गेले होते. तिसऱ्यांदा मी त्यांना लांबून पाहिलं. त्यांनीही मला पाहिलं, आणि अर्धी रिकामी जीप घेऊन ते निघाले. अम्मी म्हणाल्या, घरी येतो, जेवतो, अंथरुणावर पडत नाही, बाहेर जीपमध्ये जाऊन बसतो. आता जास्तीच्या फेऱ्या मारतो. त्या जीपमधून जाणारी म्हातारी मला एसटी स्टँडवर भेटली. तिनं सांगितलं, वाहेद घाटात मध्येच जीप थांबवतो, खाली उतरतो, डोंगराला कान लावून उभा राहतो. लोक गप्प बसून राहतात. मग येतो, काहीतरी गंमत करतो, आणि पुन्हा चालवायला लागतो.

आमच्यासाठी त्यांनी ते सगळं उकरून वर काढलं. आमचं आम्हाला मिळालं, आणि उकरलेलं तिकडंच उघडं राहिलं. आता आम्ही दिसलो की त्यांना तेच दिसत असणार. विपुलांनी निरोप धाडले, की तूही अपील कर, मी येतो बोलायला, तुझा साक्षीदार मी. निरोप पोचतात, वाहेदभाई येत नाहीत. तिथं आमचा उपयोग नाही, अनोळखी माणूस पाहिजे.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमचं कधी परतवाड्याला जाणं झालं, चिखलदऱ्याला जायचं असो की धारणीकडे, तर जीपा लागतात तिथं वाहेदभाईंना विचारा. पुढच्या सीटवर बसा. घाईत असाल तर दुसरी जीप घ्या, ही घेऊ नका. ते घाटात थांबले तर तुम्हीही खाली उतरा, त्यांच्या बाजूला उभे राहा. झोप लागते का, एवढंच विचारा. ते काहीतरी गमतीचं बोलतील आणि तुम्हाला हसू येईल. हसा, पण निघू नका. थोडं थांबा, आणि परत एकदा विचारा.